बेटावरच्या रानातली नवी पांढरी माशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंदमान-निकोबारच्या जंगलातून पांढऱ्या माशीची नवी प्रजाती मिळाली, अशी चार ओळींची बातमी अधूनमधून येते आणि मग फोन आणि मेसेज सुरू होतात. विचारणारे कधी कृषी पदवीचे विद्यार्थी असतात, कधी नारळ-सुपारीचे बागायतदार, तर कधी आमच्याच नात्यातली मंडळी. या कीटकांच्या स्लाइड तयार करायच्या आणि त्या वाचायच्या, हे माझं रोजचं काम. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

पांढरी माशी ही खरंच माशी आहे का?

नाही. घरमाशीला पंखांची एकच जोडी असते, हिला दोन. हिचं नातं मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण आणि खवले किडीशी. सोंड पानात खुपसून रस शोषणारी ही मंडळी. पंखांवरचा पांढरा रंग म्हणजे मेण. पोटाखालच्या ग्रंथींतून ते पाझरतं आणि माशी ते पायांनी अंगभर पुसून घेते. या पिठुळ पंखांमुळे मोठमोठ्यांची फसगत झाली आहे. १७५८ मध्ये सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने कोबीवरच्या पांढऱ्या माशीला नाव दिलं, ते पतंगांच्या यादीत बसवून.

पण ही तर कापसाची, भेंडीची कीड. जंगलात काय करते?

जंगल हेच तिचं मूळ घर. जगात पांढऱ्या माशीच्या दीड हजारांहून अधिक प्रजातींना नावं मिळाली आहेत, त्यांपैकी भारतात चारशेहून अधिक. शेतकऱ्याला त्रास देणाऱ्या मात्र हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच. बाकीच्या रानात कुठल्या तरी झाडाच्या पानाखाली पाच-दहाच्या संख्येने राहतात. त्यांना खाणारे भुंगेरे आणि त्यांच्यात अंडी घालणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या सोबतीलाच असतात, त्यामुळे संख्या बेताची राहते. अशा प्रजातींकडे कुणाचं लक्ष जात नाही. नावाविना राहिलेल्या प्रजाती बहुतेक यांच्यातल्याच असतात.

'नवी प्रजाती' म्हणजे ती नव्याने जन्माला आली का?

नाही. ती लाखो वर्षं तिथेच असते, शास्त्राच्या दप्तरी तिची नोंद आता होते, एवढंच. शब्दाचा एक घोळही इथेच सोडवू. मराठीतल्या जुन्या शास्त्रीय लेखनात 'जाती' म्हणजे स्पीशीज आणि 'प्रजाती' म्हणजे जीनस. वर्तमानपत्रं मात्र स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात आणि तेच आता रुळलं आहे. इथे मी प्रजाती हा शब्द स्पीशीज या अर्थाने वापरतो आहे, आणि जीनसला, म्हणजे जवळच्या नात्यातल्या प्रजातींच्या गटाला, जीनसच म्हणतो आहे.

बेटांवरच नवं का सापडतं?

अंदमान आणि निकोबार यांच्यामध्ये दहा अंश खाडी आहे, साधारण १५० किलोमीटर रुंदीची. नकाशावर एकाच नावाखाली दिसणारे हे दोन बेटसमूह झाडांच्या बाबतीत एकमेकांपेक्षा शेजारच्या मुलखांना जवळचे आहेत. अंदमानची झाडं म्यानमारकडे ओढा दाखवतात, निकोबारची सुमात्रा आणि मलायाकडे. मधल्या समुद्रामुळे झाडंही वेगळी पडत गेली आणि त्यांच्यावरचे कीटकही. अंदमानी पडौकसारखी झाडं मूळची फक्त तिथलीच. बेटांचा ८० टक्क्यांहून अधिक भाग अजून जंगलाखाली आहे, आणि त्या जंगलातली पानं उलटून बघणारी माणसं फार थोडी आहेत.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बेटावर मिळालेला प्रत्येक अनोळखी कीटक बेटाचाच असतो असं नाही. एखादी प्रजाती मलायातून १९३५ मध्येच वर्णन होऊन बसलेली असते आणि ती फक्त भारतासाठी नवी असते. म्हणून निकोबारचा नमुना हाती आला की आधी आग्नेय आशियाचं सगळं साहित्य चाळावं लागतं, नुसती भारताची यादी पुरत नाही.

कुणीही जाऊन पानं तोडून आणू शकतं का?

नाही. वनखात्याची लेखी परवानगी लागते. आदिवासी राखीव क्षेत्रांत १९५६ च्या नियमांनुसार परवान्याशिवाय पाऊलही टाकता येत नाही आणि टाकूही नये. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार नवी प्रजाती मिळाल्यास ती ठरवून दिलेल्या संस्थेला कळवणं आणि तिथे नमुना जमा करणं बंधनकारक आहे.

रानात नेमकं काय करता?

पान उलटतो. दिवसभर तेच. डाव्या हाताने फांदी वाकवायची, उजव्या हातातलं दहापटीचं भिंग डोळ्याला लावायचं आणि पान आपल्याकडे आणायचं. वरून कोळशासारखी काजळी दिसली तर वरच्या पानाखाली कुणीतरी रस पिऊन गोड चिकटा टाकतं आहे असं समजायचं, कारण ती काळी बुरशी त्या चिकट्यावरच वाढते. पण रानातल्या प्रजातींच्या बाबतीत बहुतेक वेळा एवढी ठळक खूण मिळत नाही. पानाच्या शिरेलगत मोहरीपेक्षाही लहान, काळा, लंबगोल ठिपका आणि त्याच्याभोवती काचेसारखी पांढरी झालर, एवढंच दिसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते बुरशीचं किंवा चिकाचं डाग वाटतं. भिंगातून तो डाग कंगोरे कोरलेल्या बटणासारखा दिसतो.

त्या झालरीचा फोटो तिथल्या तिथे काढावा लागतो. झालर मेणाची असते आणि पुढे प्रयोगशाळेत ती विरघळून जाते. नंतर कितीही हळहळलं तरी ती परत मिळत नाही.

मग पान कागदी पाकिटात ठेवतो. काही नमुने अल्कोहोलमध्ये. पाकिटावर गाव, बेट, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कुणी गोळा केलं आणि झाड कोणतं हे सगळं पेन्सिलीने लिहितो, कारण शाई अल्कोहोल लागलं की पसरते. आणि त्याच झाडाची फुलं-फळं असलेली डहाळी वर्तमानपत्रात दाबून घेतो. तिथल्या दमट हवेत कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशी धरते.

हे शेवटचं काम कंटाळवाणं आहे आणि मी ते एकदा टाळलं होतं. पाकिटावर 'अनोळखी वेल, ओढ्याकाठी' एवढंच लिहून परतलो. स्लाइड उत्तम झाली, कीटक कशाशीच जुळेना, आणि पहिलाच प्रश्न आला: कुठल्या वेलीवर? उत्तर नव्हतं. ती पाकिटं तशीच पडून आहेत. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे: डहाळी नसेल तर कीटकही उचलायचा नाही.

उडणारी माशी पकडत नाही का?

क्वचित. विचारणाऱ्यांना सगळ्यांत नवल याचंच वाटतं. फुलपाखरू पंखांवरून ओळखतात, पांढरी माशी मात्र तिने मागे टाकलेल्या कवचावरून. उडणाऱ्या माश्या बहुतेक सारख्याच दिसतात. वेगळेपण असतं ते चौथ्या अवस्थेत, जिला प्युपेरियम किंवा सोयीने कोष म्हणतात.

अंडं एका इवल्या देठाने पानात रोवलेलं असतं. त्यातून निघालेलं पिल्लू थोडा वेळ चालतं, जागा निवडतं, सोंड खुपसतं आणि मग हलत नाही. दुसरी, तिसरी, चौथी अवस्था त्याच जागी पार पडते. शेवटी कोषाच्या पाठीवर इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची चीर पडते आणि माशी बाहेर येते. कवच पानालाच चिकटून राहतं. याचा आमच्या दृष्टीने मोठा फायदा आहे. माशी उडाली तरी तिची ओळख तिच्या झाडावर मागे राहते. उडती माशी कुठल्याही पानावर बसलेली सापडू शकते, कोष मात्र ती ज्या झाडावर वाढली त्याच झाडावर असतो.

स्लाइड कशी बनते?

सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने कोष पानापासून सोडवायचा. तो एक मिलिमीटरच्या आसपास असतो, अनेकदा त्याहूनही लहान. श्वास जोरात सोडला तरी उडून जातो. मग १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात हळूहळू गरम करायचा, म्हणजे आतला मऊ भाग विरघळतो आणि कातडी तेवढी राहते. काळा कुळकुळीत कोष असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे दोन थेंब टाकून त्याचा रंग उतरवायचा. फिकट असेल तर उलट, रंग चढवायचा. धुऊन, अल्कोहोलच्या वाढत्या पायऱ्यांतून पाणी काढून टाकायचं, मग लवंगेच्या तेलात ठेवायचं. खोलीभर दातदुखीच्या औषधाचा वास सुटतो आणि घरी गेल्यावरही बोटांना येतो. शेवटी कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेचा थेंब, त्यात कोष पाठ वर करून सपाट, वरून काच. ती वाळायला आठवडे लागतात.

द्रावण उकळू द्यायचं नाही. हातात एकच नमुना असताना उकळलं तर कातडीच्या चिंध्या होतात आणि सगळा प्रवास पाण्यात जातो. हे मी केलेलं आहे, म्हणून सांगतो.

स्लाइडवर काय बघतात?

सगळ्यांत आधी पाठीच्या शेपटीकडच्या टोकाशी असलेली खाच. तिचा आकार कलशासारखा, कलशावर झाकण आणि झाकणाखालून डोकावणारी जीभ. या जिभेवर चिकट्याचा थेंब जमतो आणि कीटक तो दूर उडवतो, नाहीतर स्वतःच्याच गोडव्यात बुडेल. ही रचना पांढऱ्या माशीच्या कुळाची सही आहे. खाच किती लांब, झाकण तिला पूर्ण झाकतं की अर्धं, जीभ बाहेर येते की नाही, टोकाला गोल की गाठीगाठींची, यावरून जीनसपर्यंत बरंच पुढे जाता येतं.

मग कड. कडेचे दात गोल की टोकदार, एका ओळीत की दोन, श्वासनलिका कडेपर्यंत येते तिथे कंगवा आहे का. मग पाठीवरचे केस, काटे, छिद्रं, शिवणी कुठवर जातात ते. प्रत्येकाची मोजमापं, एका नव्हे तर जितके कोष मिळतील तितक्यांची. चित्र काढताना रिवाज असा की कोषाच्या अर्ध्या भागात पाठ दाखवायची आणि अर्ध्या भागात पोट. दिवसेंदिवस लागतात त्याला. फोटो असला तरी चित्र हवंच, कारण चित्र काढताना डोळा प्रत्येक केसापाशी थांबतो.

ती नवीच आहे हे ठरतं कसं?

इथे घाई केली की आयुष्यभर निस्तरावं लागतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कोषाचं रूप पानावर अवलंबून असू शकतं. तंबाखूवरची पांढरी माशी, बेमिसिया टॅबासाय, हिच्याबाबत १९६३ मध्ये कीटकशास्त्रज्ञ लॉरेन्स माउंड यांनी दाखवून दिलं की तिचे कोष केसाळ पानावर वाढले तर पाठीवर लांब केस येतात आणि गुळगुळीत पानावर वाढले तर येत नाहीत. त्याआधी वेगवेगळ्या झाडांवरचे कोष वेगळे दिसतात म्हणून एकाच माशीला निरनिराळी नावं मिळत गेली होती, आणि ती पुढे एकेक करून रद्द करावी लागली. केस कमी-जास्त आहेत एवढ्यावर नवी प्रजाती उभी करता येत नाही ती यामुळे. पान कसं होतं, केसाळ की तुळतुळीत, हे लिहून ठेवलेलं असेल तरच पुढे कुणाला ही शंका फेडता येते.

दुसरा सापळा परोपजीवी गांधीलमाशीचा. तिने कोषात अंडं घातलं की काही प्रजातींत पांढुरका कोष काळा पडतो, फुगतो, बेढब होतो. शेजारच्या निरोगी कोषापेक्षा तो इतका वेगळा दिसतो की नवखा माणूस दोन प्रजाती मोजतो. बाहेर पडायची वाट गोल भोकाची असेल तर गांधीलमाशी निघाली, 'टी'सारखी चीर असेल तर माशी.

तिसरा सापळा वयाचा आणि लिंगाचा. तिसऱ्या अवस्थेला चौथी समजणं ही नेहमीची चूक. आणि बऱ्याच प्रजातींत मादीचा कोष मोठा, नराचा लहान.

हे सगळं पार केल्यावर त्या जीनसमधल्या प्रत्येक ज्ञात प्रजातीशी तुलना. जमेल तिथे मूळ नमुन्याशी, म्हणजे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमपासून कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणापर्यंत जिथे तो असेल तिथे जाऊन किंवा फोटो मागवून. जुन्या वर्णनांत कधी चारच ओळी असतात. त्या चार ओळींच्या पलीकडे काय होतं, ते स्लाइडच सांगते.

माझं मत विचाराल तर निदान दोन ठिकाणचे, शक्यतो दोन हंगामांतले कोष हातात असल्याशिवाय लिहायला बसू नये. नामकरणाचा नियम एका नमुन्यावरही परवानगी देतो. पण एका नमुन्यावरून प्रजातीचा स्वभाव कळत नाही, त्या एका कोषाचा कळतो.

डीएनए तपासलं की हे सगळं वाचेल ना?

मदत नक्की होते. बेमिसिया टॅबासाय ही एक प्रजाती नसून दिसायला सारख्या अनेक प्रजातींचा गट आहे, हे डीएनएमुळेच पक्कं झालं. २०१० मध्ये एका जनुकातला ३.५ टक्के फरक ही तिथली सीमारेषा सुचवली गेली. पण ती रेषा त्या गटापुरती. बेटावरच्या एखाद्या अनोळखी जीनसच्या शेजाऱ्यांचं डीएनए कुणी वाचलेलंच नसेल, तर हाती आलेला क्रम जुळवायचा कशाशी? आणि जुनी नावं सगळी कोषांवर बांधलेली आहेत. म्हणून त्याच पानावरचे काही कोष स्लाइडसाठी आणि काही डीएनएसाठी, हे आता आम्ही रानातूनच ठरवून आणतो.

नाव कोण ठेवतं, आणि त्याचे नियम काय?

वर्णन करणारा. नावाचे दोन भाग, पहिला जीनसचा, दुसरा प्रजातीचा, आणि दुसरा भाग विशेषण असेल तर तो लॅटिन व्याकरणात पहिल्याशी जुळायला हवा. १९९९ नंतरच्या नावांसाठी मुख्य नमुना, म्हणजे होलोटाइप, कोणता आणि तो कुठल्या संस्थेत ठेवला हे स्पष्ट छापलं नाही तर नाव ग्राह्यच धरत नाहीत. फक्त ऑनलाइन छापायचं असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणीही लागते.

नावातून कधी मोठी गोष्ट कळते. आपल्या उसावरच्या पांढऱ्या माशीचं नाव अल्युरोलोबस बॅरोडेन्सिस. बॅरोडेन्सिस म्हणजे बडोद्याची. १८९६ मध्ये न्यूझीलंडमध्ये बसून कीटकशास्त्रज्ञ विल्यम मॅस्केल यांनी हिंदुस्थानातून आलेल्या नमुन्यांवरून ते ठेवलं. ते कधी बडोद्याला आले नसतील, पण पाकिटावर गावाचं नाव होतं म्हणून आज सव्वाशे वर्षांनंतरही ती माशी कुठली हे आपल्याला कळतं.

स्वतःचं नाव स्वतःच्या शोधाला कुणी देत नाही. ठिकाण, झाड किंवा अंगावरची ठळक खूण यांवरून नाव द्यावं असं मला वाटतं. ज्या वनरक्षकाने वाट दाखवली त्याच्या नावानेही द्यावं.

यात शेतकऱ्याचा काय फायदा?

नागपूरकडच्या संत्रा बागायतदाराला कोळशी, म्हणजे चिकट्यावर वाढणारी ती काळी बुरशी, सांगायला नको. तिला कारण असलेली काळी माशी, अल्युरोकँथस वोग्लुमी, ही पांढऱ्या माशीच्याच कुळातली आणि आशियातली. पण तिला नाव मिळालं १९१५ मध्ये जमैकात, ती तिथे पोहोचून लिंबूवर्गीय झाडांवर माजल्यावर. नाव आणि मूळ मुलूख कळल्यामुळे तिचे शत्रू कुठे शोधायचे ते कळलं. १९४९-५० च्या सुमारास मेक्सिकोत भारत-पाकिस्तानातून नेलेल्या गांधीलमाश्यांनी तिथल्या बागा सावरल्या.

अलीकडचं उदाहरण नारळावरच्या रुगोज चक्राकार पांढऱ्या माशीचं. २००४ मध्ये बेलीझमधल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन झालं, तेव्हा ती कुणाला फारशी ठाऊक नव्हती. २०१६ मध्ये तमिळनाडूतल्या पोल्लाचीला ती दिसली, मग केरळ, गोवा, कोकण. वर्णन तयार होतं म्हणून ओळख पटली, आणि तिच्यावर जगणारी एन्कार्शिया ग्वाडेलूपी ही गांधीलमाशी इथे आधीच आहे हेही लगेच समजलं. म्हणूनच सल्ला मिळाला की फवारण्यांची घाई करू नका, ही गांधीलमाशी मरेल.

बेटांच्या बाबतीत हे जास्तच लागू आहे. जहाजातून रोपं येतात, नारळ येतात. बेटाच्या स्वतःच्या प्रजातींची यादीच नसेल तर उद्या पानावर काही नवं दिसल्यावर ते घरचं की बाहेरचं, हे ठरवणार कशावरून?

अशा प्रजाती धोक्यात आहेत का?

एकाच झाडावर जगणारा कीटक त्या झाडाइतकाच सुरक्षित असतो. ग्रेट निकोबारमधल्या बंदर, विमानतळ आणि वसाहतीच्या प्रकल्पासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन वळवायला २०२२ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली. त्या जंगलातली किती पानं कुणी उलटून पाहिली आहेत, या विचाराने मला झोप लागत नाही.

माझ्या परसातल्या झाडावर वेगळी पांढरी माशी दिसली तर काय करू?

फवारू नका आणि कोष खरवडूही नका. पान तोडण्याआधी दोन फोटो घ्या, एक पूर्ण झाडाचा आणि एक पानाच्या उलट्या बाजूचा जवळून, कडेला मोजपट्टी ठेवून. मग कोष असलेली तीन-चार पानं कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरून पान कुजतं. पाकिटावर गाव, तालुका, तारीख आणि झाडाचं तुमच्याकडे जे नाव चालतं ते लिहा, बोलीतलं असलं तरी चालेल. सोबत फूल किंवा फळ असलेली एक डहाळी वर्तमानपत्रात दाबून ठेवा. ही सगळी सामग्री जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात नेऊन द्या. पाकीट बाहेरून नीट बंद करा, कारण त्या कोषांतून वाटेतच माशी किंवा गांधीलमाशी बाहेर पडू शकते, आणि पडली तर ती तशीच आत राहू द्या. तीही हवी असते.